खडूची फुली

माझा धाकटा भाऊ खलाशी म्हणून पहिल्यांदाच समुद्रावर जाणार होता. ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. मिरकरवाड्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली त्याची होडी बघायला गेलो, तर फळ्यांवर खडूच्या फुल्याच फुल्या! दवाखान्यावर फुली म्हणजे औषध, चर्चवर देव. पण मी पडलो शाळामास्तर, माझ्याकडे फुली म्हणजे चूक.

फटींत कापूस ठासणाऱ्या म्हाताऱ्याला म्हटलं, "एवढ्या चुका?"

तो हसला नाही. त्यानं पुढची फळी ठोकली, कान लावला, पुन्हा ठोकली आणि मगच कानामागचा खडू काढून फुली मारली.

"चूक नाय ओ गुरुजी. हितनं आता पाणी शिरायचं नाय. दोनदा ऐकल्याबिगर मी फुली मारीत नाय."

नारळी पौर्णिमेनंतर होडी गेली. पुढं वादळात सापडली, तरी भाऊ सुखरूप घरी आला. म्हाताऱ्याचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

माझी फुली तोवर पोराचं गचाळ अक्षर बघूनच पडायची. त्यानंतर मी प्रत्येक गणित दोनदा वाचू लागलो. पुष्कळदा लाल पेन्सिल तशीच खाली ठेवावी लागली.