गोवरीला चिकटलेली भिंत

गंगाखेड रस्त्याची संरक्षक भिंत वर्षभरात ढासळली, म्हणून सरकारनं ठेकेदारावर दावा लावला. परभणीच्या कोर्टात मी ठेकेदाराच्या वकिलांचा नवखा सहायक होतो. आमचं म्हणणं असं, की गोवऱ्या थापून थापून भिंत खिळखिळी झाली. थापणारी म्हातारी साक्षीला आली. पिंजऱ्यात शिरताच तिनं सवयीनं कठड्यावर तळहात आपटून पाहिला.

“भिंतीला काय केलंस गं?” आमच्या वकिलांनी दरडावलं.

तिनं पदराआडून गोवरी काढली. गोवरीच्या पाठीला सिमेंटचा हा एवढा पोपडा!

“मी गोवरी ओढली, वकीलसाब. संगं भिंतच यायली, मी काय करू?”

न्यायाधीशही हसले. दावा आम्ही तिथंच हरलो, तरी मला हसू आवरेना. बाहेर तिनं मलाच गाठलं.

“नवी कवा बांधायलेत? शेण वाळायलंय.”