अण्णांचा चहा आणि अडलेला बिल्ड

आई गेल्यावर मी पुण्यातली खोली तशीच ठेवून परळीला आले आणि अण्णांच्या घरात, मधल्या खोलीत लॅपटॉप मांडला. अण्णा, म्हणजे माझे वडील, थर्मलमधून, म्हणजे इथल्या वीज केंद्रातून, रिटायर झालेले. आपल्याला चहा करता येत नाही हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे. "पोरगी हाय म्हणून घोटभर मिळतो," म्हणायचे. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. कंपनीने ऑफिसला परत बोलावलं, तेव्हा मी दरवेळी एकच कळवलं, की वडील एकटे राहू शकत नाहीत. शेवटी साहेबांनी स्वच्छ विचारलं, येणार की नोकरी सोडणार? अण्णांना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

त्याच दिवसांत मी आमचा जुना जावा प्रोग्राम एका छोट्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, आणत होते. आधीचा तयार सांगाडा, फ्रेमवर्क, म्हणजे अगडबंब प्रकरण. प्रोग्रामच्या कुठल्या भागाला काय लागतं ते तो सुरू झाल्यावर शोधत बसायचं, तोवर माझा लॅपटॉप धापा टाकायचा, आणि काही कमी पडलं तर ते चालता चालता कळायचं. ही लायब्ररी एवढीशी. प्रत्येक क्लासने, म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याने, आपल्याला काय हवं ते कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे स्वतः तयार होतानाच, आधी सांगायचं. प्रोग्राम चालवण्याआधी, कंपाइल होतानाच, ती सगळ्यांची जोडणी साध्या कोडमध्ये लिहून देते आणि काही चुकलं तर तिथेच अडते. मला हे तोंडावर सांगणं फार आवडलं. आमच्या घरात कुणी काय हवं ते सांगतच नाही. अण्णांना जेवताना मीठ मागायचंसुद्धा जिवावर येतं.

त्या दुपारी बिल्ड, म्हणजे सगळ्या प्रोग्रामची बांधणी, अडला. ऑर्डरच्या क्लासला बिलाचा क्लास हवा होता आणि बिलाच्या क्लासला ऑर्डरचा. आधी कोण तयार होणार? जुनं फ्रेमवर्क इतकी वर्षं हे पोटात घालत आलं होतं. या लायब्ररीने लाल अक्षरांत दोघांची नावं छापली आणि हात वर केले. मी चरफडत ऑर्डरचा क्लास उघडला. बघते तर त्याला बिलाची गरजच नव्हती. कुणीतरी कधीतरी मागून ठेवलेलं, वापरलेलं कुठेच नाही. तेवढं काढलं आणि बिल्ड झाला. मी खुशीत उठले, म्हटलं आज चहा लवकर टाकू.

स्वयंपाकघरात अण्णा ओट्यापाशी उभे होते. आलं ठेचून झालेलं, चहा उकळत होता, आणि वर आला की ते सांडशीने पातेलं अलगद उचलून धरत होते. मला बघून त्यांना ते खाली ठेवायचंही सुचेना.

"अण्णा, हे काय?"

"चहा हाय." मग उगाच गाळणी शोधल्यासारखं केलं. गाळणी समोरच होती.

"तुमाला येतोय की!"

"तुझ्या आईच्या दुखण्यात मीच करायचो. तिला लई आवडायचा."

"मंग मला कशाला सांगितलं, येत न्हाई म्हणून?"

त्यांनी गॅस बंद केला. "तू आलतीस तवा नुसती भिंतीकडं बघत बसायचीस, माय. जेवायची न्हाईस. म्हनलं, हिला उठायला कायतरी पायजे. चहा येत न्हाई म्हनलं, तशी उठलीस."

मला हसू आलं आणि रडूही आलं. रडू आधी आलं. मी त्यांच्यासाठी थांबले होते आणि ते माझ्यासाठी अडाणी झाले होते. मग नोकरीचं सगळं तिथेच, ओट्याला टेकून सांगितलं. ते ऐकत ऐकत त्यांनी दोन कपांत चहा गाळला. चहा माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

"जा मंग," ते म्हणाले.

"आन् तुमी?"

"मला काय धाड भरलीय?"

पुढच्या आठवड्यात ते मला बसस्टँडवर सोडायला आले. बॅग वर ठेवून दिली, खाली उतरले आणि माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तरी त्यांचा हात गजावरच होता.

"मला करमायचं न्हाई," ते म्हणाले. "तुला म्हाईत असावं म्हणून बोललो. ऱ्हा म्हनत न्हाई."