पुसलेल्या प्लेटवरचा ब्रश

माझ्या नवऱ्याच्या पंचगिरीचा मला पहिल्या वर्षापासून तिटकारा आहे. सॉफ्टबॉल बघायला वाईट नाही. तिटकारा आहे तो त्या सामानाचा. तोंडावरचा जाळीचा मास्क, छातीवरचं जाडजूड कवच, पायांना बांधायचे पॅड, हे सगळं दर रविवारी घामाने निथळत आमच्या न्हाणीघरात यायचं आणि त्याचा आंबूस वास बुधवारपर्यंत हलायचा नाही. मास्कच्या आतल्या गाद्यांवर थुंकी वाळलेली असायची. दिवसभर 'स्ट्राइक' म्हणून बोंबलल्यावर दुसरं काय होणार? हे सामान ते स्वतः धुवायचे, नाही असं नाही. पण त्यांचं धुणं म्हणजे पाणी दाखवणं. पुन्हा घासायची मीच.

बरं, या लष्कराच्या भाकऱ्या भाजून मिळायचं काय, तर शिव्या. हरलेल्या बाजूच्या बायका 'डोळे गहाण टाकलेत का' म्हणायच्या, आणि जिंकलेल्या बाजूच्या काहीच म्हणायच्या नाहीत.

आम्ही तिघंही बाटल्यांच्या कारखान्यातली. हे तपासणीला. उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जातात, त्यात तडा किंवा बुडबुडा दिसला की ती उचलून बाजूच्या पिंपात टाकायची. आठ तास तेच, आणि तोंडातून शब्द नाही. साऱ्या कारखान्यात त्यांना 'खांब' म्हणतात. मी कारखान्याच्या दवाखान्यात मलमपट्टी करते. अक्षर बरं आहे म्हणून सामन्यांच्या दिवशी मला स्कोअररच्या टेबलाशी बसवतात. तिसरी माझी धाकटी बहीण. आईवडील गेल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली. ती पॅकिंगला आहे आणि पॅकिंगच्या बायकांच्या टीमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, आणि कप्तान.

नवीन पंच शिकायला आमच्याच स्वयंपाकघरात यायचे, त्यामुळे ती पोपटपंची मलाही पाठ झाली. आधी जागा घ्या, मग थांबा, मग बोला. चेंडू ग्लोव्हमध्ये गेला की मनात एक आकडा मोजा आणि मगच निर्णय द्या. तोंड डोळ्यांच्या पुढे पळालं की चूक झालीच. बॅट्समनच्या काखेपासून गुडघ्यापर्यंत, आणि प्लेटच्या रुंदीत, तेवढाच स्ट्राइक. मोजणीचं यंत्र डाव्या हातात, कारण उजवा हात खुणेला मोकळा हवा. होमप्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागेच्या रबरी पाटीवर, माती आली की टाइम घ्यायचा, खेळ थांबवायचा आणि मैदानाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड ठेवून ब्रशने झाडायची. लोकांना पार्श्वभाग दाखवणं असभ्य. खेळाडूंना दाखवलेला चालतो, असं दिसतं.

आणि मग तो नियम, ज्याने माझ्या संसाराची माती केली. धाव घ्यायची तर तीन बेसना, म्हणजे मैदानावरच्या तीन ठाण्यांना, ओळीने पाय लावून प्लेटवर परत यायचं. धावणारीचा पाय एखाद्या बेसला लागलाच नाही आणि ती तशीच पुढे पळाली, तर ते पंचाने पाहिलं असलं तरी बोलायचं नाही. समोरच्या टीमने पुढचा चेंडू टाकायच्या आत अपील करायचं, 'तिने अमुक बेस चुकवला' म्हणून. तसं विचारलं, तरच आऊट द्यायचं. नाही विचारलं, तर तो बेस लागला असं धरून खेळ पुढे न्यायचा.

"पाहिलेलं सांगायचं नाही," हे शिकाऊ पंचांना म्हणायचे. "आणि विचारलं तर लपवायचं नाही. एवढं जमलं की पंच झालात."

त्यांना एवढं मैदानावर जमलं असतं तर माझी ना नव्हती. हे ते घरीही जमवायचे. समोर बसून वाचत असायचे, आणि दूध उतू जाऊन गॅस विझायचा. "दिसलं नाही का हो?" तर म्हणे, "दिसलं. तू विचारलं नाहीस." एकदा मी उलटा स्वेटर घालून दिवसभर दवाखान्यात वावरले, मानेवरची चिठ्ठी बाहेर काढून. संध्याकाळी घरी आल्यावर कळलं, यांनी सकाळीच पाहिलं होतं. त्या दिवशी मी ताट समोर आदळलं आणि तीन दिवस बोलले नाही. त्यांना ते तीन दिवस सुखाचेच गेले असणार.

पण माणूस कितीही खांब असला तरी कुठून तरी गळतोच. लग्नाला आठेक वर्षं झाली असतील, तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझं टेबल प्लेटच्या मागेच असतं. कोणी बेस चुकवला आणि यांनी तो पाहिला, की यांना राहवायचं नाही. बोलता तर येत नाही. मग हे टाइम घ्यायचे, खिशातून ब्रश काढायचे आणि लखलखीत असलेली प्लेट पुन्हा झाडायचे. हात कसा अगदी घाईचा. त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. मी नंतर पाच-सहा सामन्यांत ताडून पाहिलं. एकदाही चुकलं नाही.

हे मी यांना सांगितलं नाही. एका दुपारी वाटाणे सोलताना धाकटीला सांगितलं, यांची नक्कल करून, वाटाण्याच्या टरफलांवर ब्रश मारून. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

धाकटी सहा वर्षं पॅकिंगला होती आणि सहा वर्षं 'तात्पुरती' होती. अकरा महिने झाले की चार दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा नवी म्हणून घ्यायचे, म्हणजे कायम करायला नको. हात तिचे कायमचे सोलले गेले, पण नोकरी तात्पुरती. मग नवीन मॅनेजर आला. त्याला खेळाची हौस. त्याने जाहीर केलं, की यंदा बायकांच्या स्पर्धेत जिंकणाऱ्या टीमच्या कप्तानाला कायम करण्यात येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शिसारी आली. सहा वर्षं बाटल्या भरल्या त्याचं काही नाही आणि एक चेंडू नीट टाकला तर पोट कायमचं भरणार! पण धाकटीचे डोळे चमकले ते मी पाहिले, आणि गप्प बसले.

फायनलला पॅकिंग आणि ऑफिस या दोन टीम आल्या. ऑफिसच्या कप्तानीणबाई दहा वर्षांपूर्वीच कायम झालेल्या. यांनी स्पर्धेच्या समितीला लेखी कळवलं, की पिचर माझी मेहुणी आहे, मला प्लेटमागे उभं करू नका. समितीने उत्तर दिलं, दुसरा पंच नाही, आणि तुमच्याबद्दल कोणाला शंका नाही. ऑफिसच्या बाईच म्हणाल्या, "खांब बायकोलाही आऊट देईल." यांना ते कौतुक वाटलं.

सातव्या, शेवटच्या डावाला चार-चार अशी बरोबरी होती. ऑफिसची बॅटिंग, दोन जणी बाद, दुसऱ्या बेसवर त्यांची एक लांब ढांगांची टायपिस्ट. चेंडू डाव्या बाजूला खोल गेला. टायपिस्ट तिसऱ्या बेसपाशी वळून धावत होमप्लेटवर आली, उभ्याउभ्या, न घसरता. पाच-चार. ऑफिसच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आमच्या बायका कंबरेवर हात ठेवून मातीकडे बघत राहिल्या.

चेंडू धाकटीकडे परत आला. यांनी टाइम घेतला, खिशातून ब्रश काढला, माझ्याकडे तोंड करून वाकले आणि प्लेट झाडू लागले. प्लेटवर मातीचा कण नव्हता. टायपिस्ट धावायच्या दोन मिनिटं आधीच यांनी ती झाडली होती.

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. स्कोअररनेही तोंड उघडायचं नसतं. मी नुसतं मान वर करून धाकटीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होती. हे उठून उभे राहिले तेव्हा ती म्हणाली, "पंच, अपील. धावणारीने तिसरा बेस चुकवला."

टायपिस्ट दुसऱ्यावरून सुटली होती; वाटेत चुकवायला तेवढाच एक होता. हे धाकटीला त्या दहा-बारा सेकंदांत सुचलं.

यांनी मनातला आकडा मोजला असणार, मग मूठ वर केली. "आऊट. धाव रद्द."

मग जे झालं ते सांगायचीही लाज वाटते. शिकल्या-सवरलेल्या बायकांनी पाण्याच्या बाटल्या फेकल्या. मेहुणी-भाऊजींचं लफडं इथपर्यंत तोंड गेलं. टायपिस्ट मात्र काही बोलली नाही. तिला माहीत होतं. पुढे पॅकिंगने आपल्या डावात एक धाव काढली आणि सामना जिंकला. मॅनेजरने धाकटीचा हात हातात घेऊन फोटो काढला आणि सोमवारी पत्र टाइप होईल म्हणाला.

घरी आल्यावर मी चहा टाकला आणि मास्क बेसिनमध्ये घेतला. धाकटी टेबलाशी बसून स्वतःशीच हसत होती. हे दारात येऊन उभे राहिले. मग त्यांनी विचारलं. बावीस वर्षांत या घरात त्यांनी आपणहून काही विचारलं असेल तर ते हेच.

"तुला कसं कळलं?"

"काय, भाऊजी?"

"तिसऱ्या बेसचं. तू चेंडूकडे बघत होतीस. तुमच्यातल्या कोणीच पाहिलं नव्हतं."

धाकटीला खोटं बोलता येत नाही. "तुम्ही ब्रश काढलात ना," ती म्हणाली. "तुम्हाला काही दिसलं की तुम्ही पुसलेली प्लेट पुन्हा पुसता."

हे खुर्चीवर बसले. चहा निवला तरी कपाला हात लावला नाही.

"हे तुझं तूच ओळखलंस?"

"हो," धाकटी म्हणाली. खोटं बोलता येत नाही म्हटलं ना, पण तेवढं एक ती बोलली. माझ्याकडे न बघता. यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. मी गाद्या घासत राहिले.

सोमवारी पत्र टाइप व्हायच्या आत हे समितीकडे गेले आणि लिहून देऊन आले. 'निर्णय बरोबर होता, टायपिस्ट आऊटच होती. पण पॅकिंगच्या टीमला ते माझ्या हालचालीवरून कळलं, सबब सामना ग्राह्य धरू नये, आणि माझा पंचाचा बिल्ला परत घ्यावा.' ऑफिसवाल्यांना आयतं कोलीत मिळालं. पुन्हा सामना ठरला, भट्टीतल्या कुठल्या तरी फोरमनला प्लेटमागे उभं केलं. त्याला स्ट्राइक कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. पॅकिंग तीन-एकने हरली. ऑफिसच्या कप्तानीणबाई आधीच कायम होत्या, म्हणून त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं.

त्या संध्याकाळी मी यांच्यावर तुटून पडले. "बावीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरलीत. दूध उतू गेलं, मी उलटी कापडं घालून गावभर फिरले, तेव्हा नाही फुटला शब्द. आणि पोरीचं कल्याण होत होतं तेव्हा बरी वाचा फुटली? कोणी विचारलं होतं तुम्हाला?"

"कोणीच नाही," हे म्हणाले.

"मग?"

धाकटीच म्हणाली, "ताई, राहू दे. मी ब्रश बघितला होता. पाय नव्हता बघितला." आणि उठून दुसऱ्या दिवशीसाठी डबा घासायला लागली.

याला तीन वर्षं झाली. धाकटी अजून पॅकिंगला आहे, अजून तात्पुरती. गेल्याच महिन्यात चार दिवस घरी बसून आली. तिने यांना एक शब्दाने दुखावलं नाही, आणि मला तर नाहीच. कवच आणि मास्क माळ्यावर गेले. न्हाणीघराला आता साबणाचा वास येतो. मला बरं वाटायला हवं होतं.

पण मला किळस येते, आणि आता ती त्या गाद्यांची नाही. समितीने यांना विचारलं, धाकटीला विचारलं, टायपिस्टलासुद्धा विचारलं. स्कोअररला विचारायचं कोणाला सुचलं नाही. नक्कल मी केली होती, वाटाण्याच्या टरफलांवर. त्याच्याही आधी एवढी वर्षं मला तो ब्रश दिसत होता. 'अहो, तुमचा हात बोलतो' एवढं सांगितलं असतं तर हा माणूस त्या दिवशी प्लेटजवळ वाकलाही नसता. मग धाकटी कदाचित हरली असती, पण तोंडचा घास काढून तरी घेतला नसता. नवऱ्याला खांब म्हणून हिणवणारी मी, आणि मीच गप्प बसले.

हे हल्ली न विचारता बोलतात. चप्पल तुटायला आलीय, नळ नीट बंद नाही, तुझ्या कपाळाला काहीतरी लागलंय. सकाळी मी गॅसपाशी उभी असते तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येतात आणि थोडा वेळ माझ्याकडे बघत राहतात. मी पातेल्यावरची नजर काढत नाही. एकदा विचारतील तर सांगून मोकळी होईन, असं मी रोज ठरवते.

"दूध वर येतंय," हे म्हणतात.

मी गॅस बंद करते.