मुठीतून ओढलेला पाइप

परवा बटणांचा जुना डबा उघडला आणि तंबाखूचा गोडसर वास आला. डबा मूळचा मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पाइपच्या तंबाखूचा. इतकी वर्षं त्यात बटणं ठेवूनही वास गेलेला नाही.

माझं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. बाबा नरखेडहून एसटीनं पहिल्यांदाच आमच्या धरमपेठेतल्या घरी आले होते. मामंजींनी पाइप पेटवला, दोन झुरके घेतले आणि मोठ्या अगत्यानं बाबांपुढे धरला. बाबांना माहीत होती ती चिलीम. गावात ती चौघांत फिरते, म्हणून उष्टी होऊ नये अशी मुठीत धरून मुठीतूनच ओढतात. बाबांनी पाइपची दांडी तशीच मुठीत धरली आणि छातीभर धूर ओढला. मग असा खोकला लागला की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बैठकीत सगळे हसले.

"अहो, हा धूर छातीत घ्यायचा नसतो," मामंजी म्हणाले. "नुसता तोंडात घोळवायचा आणि सोडायचा." पाइप परत घेऊन ते खिशातल्या रुमालानं त्याचं टोक पुसू लागले.

बाबा खोकला आवरत म्हणाले, "पुसू नका जी. मी तोंड नाही लावलं त्याले."

मी मान खाली घालून चहाचे कप गोळा करत होते. लाज त्या रुमालाची वाटायला हवी होती. मला वाटली ती बाबांच्या खोकल्याची.