साध्या वेशातली गाडी

मुलुंडला हायवेलगतच्या टपरीवर रविवारी सकाळी आम्ही गाडीवेडे जमतो. मागे एका रविवारी एकाने पिवळीधमक स्पोर्ट्स कार आणली. इतकी बुटकी, की स्पीडब्रेकर आला की तिरकी करून न्यावी लागते. गाडी झकासच होती, पण गप्पा भलतीकडे गेल्या. साध्या वेशातली पोलिसांची गाडी ओळखायची कशी?

"पांढरी गाडी आणि सीटवर टॉवेल," एक जण म्हणाला.

"टॉवेल तर माझा बापपण टाकतो रे!" पिवळीवाला म्हणाला. "खरी खूण मी सांगतो. गाडी उभी, इंजिन बंद, आणि माणूस आतच. घर असलेला माणूस पार्क केल्यावर गाडीत बसून राहतो का?"

सगळे हसले. मला मात्र त्याचा असा राग आला, की अर्धा चहा तसाच टाकून मी निघालो.

बायको वारल्यापासून, भांडुपला बिल्डिंगखाली गाडी लावली की मी स्टीअरिंगवर हात ठेवून आतच बसून राहतो. त्या संध्याकाळीही बसलो होतो. तळमजल्यावर नवीनच राहायला आलेल्या गृहस्थाने काचेवर टकटक केलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "साहेब, कोणत्या घरावर नजर ठेवून आहात?"

सगळ्या खिडक्यांत दिवे लागले होते. मी तिसऱ्या मजल्यावरच्या एकुलत्या अंधाऱ्या खिडकीकडे बोट दाखवलं.

"तिथं कोण राहतं?"

"मी," म्हटलं.