कार्बाइनला लागलेलं कुंकू

बहारीनच्या नोकरीचा विषय निघाला की इतर सगळ्या केसेस बाजूला राहतात आणि मला ती कुंकवाची केस आठवते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. इकडच्या सशस्त्र पोलिसांतून मी तिकडे शस्त्रशिक्षक म्हणून गेलो होतो आणि बाजारातल्या गार्डांना जुन्या रायफलींऐवजी कार्बाइन द्या, म्हणून साहेबांच्या मागे हात धुऊन लागलो होतो. आमचे साहेब इंग्रज. त्यांना ते खेळणं वाटायचं. मी म्हणायचो, मनाम्याच्या सूकमधल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या गल्लीत दोन माणसांचे खांदे घासतात, तिथे ती लांबलचक रायफल फिरवायची कुठे? कार्बाइन आखूड आणि हलकी. गोळी पिस्तुलाचीच, म्हणजे दोन्ही हत्यारांना दारूगोळा एक. धक्का कमी, त्यामुळे नवखाही लवकर नेम धरतो. आणि मुख्य म्हणजे रायफलची गोळी चोराला भेदून मागच्या दुकानदारालाही घेऊन जाते, तेवढा जोर हिच्यात नाही. शेवटी साहेब कबूल झाले.

पुढे काही महिन्यांनी एका दुपारी इस्पितळातून एका नर्सचा फोन आला. बाई वसईची, बोलणं रोखठोक. एक ड्रायव्हर आलाय, मांडीत सळई घुसली म्हणतो, पण सळईची जखम अशी नसते, तुम्ही येऊन बघा, म्हणाली.

ड्रायव्हर राजापूरकडचा. शहरातल्या नईम वस्तीत गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचा. सळईचं टुमणं काही सोडेना. खोलीत आणखी कोण राहतं विचारलं, तर त्यात आमचाच एक गार्ड निघाला! तडक कोतीत गेलो, म्हणजे शस्त्रं ठेवतात त्या खोलीत. गार्डची कार्बाइन नुकतीच जमा झाली होती आणि नळीला दारूचा ताजा वास येत होता.

गार्डला कोठडीत बसवलं. साहेबांचा हिशेब सरळ होता. खोलीत भांडण झालं, याने गोळी घातली, खुनाचा प्रयत्न. म्हणजे आधी जेल आणि मग देशाबाहेर रवानगी. गावी त्याची आई, बायको आणि लग्नाच्या दोन बहिणी. तो मात्र एकच धरून बसला होता, की मी चापाला हात लावला नाही. बंदूक काय आपोआप उडते, म्हणून साहेब भडकले.

मी कार्बाइन पुन्हा उजेडात नेली. बोल्टच्या खाचेत तांबडी भुकटी दिसली. साहेब म्हणाले, गंज आहे. अहो, गंज कसला! बोटावर घेतली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या दिवशी दसरा होता. परमुलखात सणवार ध्यानात राहत नाहीत, पण कोकणातला माणूस दसरा विसरायचा नाही.

कोठडीत गेलो, दोन चहा मागवले आणि विचारलं, “पूजा कुठे केलीस रे?”

त्याचा बांधच फुटला. “खोलीवर, साहेब. सगळ्यांनी आपापली हत्यारं मांडली. मेस्त्रीनं थापी, ड्रायव्हरनं गाडीची चावी. मग माझं हत्यार नको काय?”

जेवणाच्या सुट्टीत पठ्ठ्याने कार्बाइन टॉवेलात गुंडाळून खोलीवर नेली होती. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली आणि देवाच्या फळीवर भिंतीला टेकवून उभी केली. गोळ्यांचं मॅगझिन लावलेलंच होतं. आरती सुरू झाली तशी कार्बाइन घसरली, फरशीवर बटावर, म्हणजे मागच्या दस्त्यावर आपटली आणि उडाली. गोळी ड्रायव्हरच्या मांडीतून आरपार जाऊन मागे रचलेल्या गाद्यांमध्ये अडकली. ती मी स्वतः गादी उसवून काढली.

त्या जुन्या बनावटीत तो दोष होताच. बट आपटला की बोल्ट झटक्याने मागे जातो आणि परत येताना मॅगझिनमधली गोळी पुढे ढकलून उडवतो. साहेबांना मैदानावर नेलं, सरावाची बिनशिशाची गोळी भरली आणि तीच कार्बाइन बटावर आपटली. एकदा काही झालं नाही. पुन्हा आपटली तेव्हा बार उडाला आणि साहेब दचकून मागे सरले.

ड्रायव्हरला विचारलं, खोटं का बोललास? तो म्हणाला, “पाय माझा हाय, साहेब, भरून येईल. पण त्याची नोकरी गेली असती तर घर बसलं असतं.” साहेबांना मी ते शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं.

अपघात म्हणून नोंद झाली. हत्यार खोलीवर नेल्याची शिक्षा मात्र मिळालीच. गार्डचं हत्यार कायमचं गेलं आणि तो मेसच्या कामाला लागला. पण नोकरी राहिली, व्हिसा राहिला. पुढच्या वर्षापासून दसऱ्याची पूजा कोतीतच, मॅगझिन काढून करायची परवानगी साहेबांनीच दिली.

कार्बाइन परत घ्यायचं मात्र त्यांनी मनावर घेतलं होतं. मी सांगितलं, रायफल असती तर या माणसाचा पाय गेला असता आणि गोळी खोलीची प्लायवूडची भिंत फोडून शेजारच्या बिऱ्हाडात शिरली असती. ते त्यांना पटलं. पण मनात मला दुसरंही पटलं होतं. रायफल कोणी टॉवेलात गुंडाळून खोलीवर नेली नसती. ज्या सुटसुटीतपणाचं मी एवढं कौतुक करत होतो, त्यानेच तो भला माणूस गाफील झाला होता.

त्यानंतर नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी मी रिकामी कार्बाइन सगळ्यांसमोर बटावर आपटायचो. आतला खटका शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला, की मग तिचे फायदे सांगायला सुरुवात करायचो.