मधल्या रकान्यातली कौसा

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही — बायकोपुढेही नाही, आणि तिच्यापासून माझं फारसं काही लपत नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? परवा पेपरात वाचलं, की देशात कामाच्या वयाची माणसं वाढत चाललीत, खाणाऱ्या तोंडांच्या मानाने राबणारे हात जास्त झालेत, आणि ही मोठी चांगली गोष्ट आहे. असेल. मी पेपर घडी करून ठेवला आणि चहा गार होईपर्यंत तसाच बसलो. त्या हातांत दोन हात मी घातलेले आहेत.

मला आकड्यांचा नाद पहिल्यापासून. नामांतराची दंगल झाली त्या वर्षी, अठ्ठ्याहत्तरला, मी चारठाण्याच्या पुढे एका खेड्यात शाळेवर रुजू झालो. एकशिक्षकी शाळा — मीच हेडमास्तर, मीच शिपाई. पोराला शाळेत घालायला आईबाप यायचे, पण जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. मग आम्ही गुरुजी लोक अंगापिंडाकडे बघून वर्ष ठरवायचो आणि तारीख सगळ्यांना एकच लावायचो, एक जून. आमच्या जिल्ह्यात निम्मी माणसं एक जूनला जन्मलीत, ती अशी. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

राहायला मारोतरावांच्या घरी होतो. बारा एकराचे शेतकरी, स्वभावाने मोकळे. खोलीचं भाडं घेत नव्हते, दोन वेळचं जेवणही त्यांच्याकडेच. भाकरी करायची त्यांची मुलगी, कौसा. सकाळी चुलीपुढे, मग शाळेत. दंगलीत शाळा बंद पडली तेव्हा ती माझ्याकडे पहिलीत होती, उशिराच घातलेली. हिशेबात इतकी पक्की, की मी फळ्यावर चुकलो तर हात वर करायची नाही. नुसती गालात हसायची. मग मीच वळून बघायचो, कुठे चुकलं ते.

बघा, मी अजून आडवळणानेच चाललोय.

एक्क्याऐंशीची जनगणना आली. गावातले जुने लोक खानेसुमारी म्हणायचे. गुरुजी म्हणून ते काम माझ्याकडेच. मला तर पर्वणीच! घरोघर जायचं, वय विचारायचं. म्हाताऱ्यांना विचारलं की ते सांगायचे, पोलीस ॲक्शनला, म्हणजे अठ्ठेचाळीस साली, माझं लग्न झालेलं होतं. त्यावरून मी वय काढायचो. सरकारी फॉर्म भरून झाला की संध्याकाळी माझ्या स्वतःच्या वहीत तीन रकाने — पंधराच्या आतले, पंधरा ते एकोणसाठ, आणि साठीच्या पुढचे. मधला रकाना म्हणजे कामाच्या वयाचे. गाव कोणाच्या हातावर चालतंय, हे मला बघायचं होतं. कुणी सांगितलं होतं का? नाही. उगाच, आपली उत्सुकता.

राहत्या घरची नोंद शेवटी ठेवली होती. ओसरीवर बसलो. कौसाची आई आपणहून म्हणाली, बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची तेव्हा कौसा तीन वर्षांची होती. म्हणजे झाली बारा. मी बारा लिहायला पेन टेकवलं, तर मारोतराव म्हणाले,

“अठरा लिवा गुरुजी. सोयरीक जुळायलीय तिची.”

मला माहीत होतं, की हा कागद कुठल्याही कामाला पुरावा म्हणून चालत नाही, कुणाला दाखवायचाही नसतो. मारोतरावांना वाटत होतं, एकदा सरकारने लिहून घेतलं की वय पक्कं झालं. मी त्यांचा गैरसमज दूर करायला हवा होता. मी विचार केला, या कागदाने कुणाचं काय बिघडतंय? अठरा लिहिलं.

पण गंमत बघा, पुढचा रकाना आला कामाचा. अठरा वर्षांची मुलगी तिसरीत कशी? मग ‘विद्यार्थी’ लिहिता येईना. ‘घरकाम’ लिहिलं. एका आकड्यामागे दुसरी ओळ आपोआप आली. आणि संध्याकाळी माझ्या वहीत मी कौसाला पहिल्या रकान्यातून मधल्या रकान्यात नेलं. बेरीज जुळली, बरं वाटलं.

तरी खरं जे सांगायचंय, ते अजून आलेलंच नाही.

आठवड्याने मुलाकडचे आले, देवगाव फाट्याकडचे. त्यांच्यात मुलाचे एक चुलते होते, कचेरीत कारकून. कायदा ठाऊक असलेला एकटा तोच माणूस. मुलगी बघून तो अस्वस्थ झाला. मला बाजूला बैलांपाशी घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, पोरगी लहान दिसतेय, तुम्ही तिचे मास्तर, तुम्ही सांगाल तसं. तुम्ही नाही म्हणालात तर मी ही बोलणी आजच मोडतो. समजलं ना तुम्हाला? माझ्या एका शब्दावर होतं. आणि नकार त्याच्या तोंडून गेला असता, माझं नावही आलं नसतं.

मी म्हणालो, “खानेसुमारीत अठरा आहे.”

एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खानेसुमारीत अठराच होतं की! तो माणूस सुटल्यासारखा हसला. मी वळलो, तर गोठ्याच्या दारात कौसा चाऱ्याची पेंढी घेऊन उभी. तिने ऐकलं होतं. या वेळी ती हसली नाही.

का बोललो मी तसं? कुणी धमकावलं नव्हतं. खोली होती, भाकरी गरम मिळत होती, एवढंच. लग्न झालं, मी अक्षताही टाकल्या. मग भाकरी तिची आई करायला लागली.

दहा वर्षांनी पुन्हा जनगणना. माझी बदली सेलू तालुक्यात झालेली, आणि वाट्याला देवगाव फाट्याजवळची वस्ती आली. जुनी वही सोबत होती. मधला रकाना दहा वर्षांत किती वाढला, ते पाहायचं होतं मला. तिसऱ्या दिवशी एका अंगणात कापसाच्या ढिगापाशी ती बसलेली. मी नाव विचारायच्या आधीच उठली, पदर सारखा केला, “या गुरुजी,” म्हणाली आणि आत जाऊन चहा टाकला. नवरा शेतात. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाच-सहाची.

मी फॉर्म काढला. तिचं वय विचारायची वेळ आली. तीच म्हणाली, अगदी सहज, शाळेत गणित विचारावं तसं —

“खरं लिवायचं, का तुमचंच पुढं वाढवायचं?”

खरं लिहिलं तर बावीस. पोरगा आठचा. म्हणजे चौदाव्या वर्षी आई. वरचे साहेब विचारतील, हे कसं? फॉर्म परत येईल. एवढा विचार मी तिच्यासमोर, तिच्या हातचा चहा पीत केला. आणि अठ्ठावीस लिहिलं.

ती फॉर्मकडे बघत होती. उलटं अक्षरही वाचता येत होतं तिला. “मग मला पोरगं विसाव्या वर्सी झालं म्हणायचं,” ती म्हणाली. वजाबाकी बरोबर होती.

मग तिने पोरीला पुढे ओढलं, मला आत नेलं. भिंतीवर, धान्याच्या कणगीमागे, कोळशाने तारीख लिहिलेली होती. दिवस, महिना, वर्ष. एक जून नव्हती ती.

“हिचं मातर बरोबर लिवा गुरुजी.”

मी ती तारीख जशीच्या तशी उतरवून घेतली. तिच्या वर, त्याच कागदावर, अठ्ठावीस तसंच होतं. खोडायला पेन माझ्या हातातच होतं.